न्हावा शेवाजवळ ‘सर्फ टाउन’ का नाही? दोन दिवसांच्या बीच ट्रिपआधी रायगडचा समुद्र समजून घ्या

इन्स्टाग्राम उघडलं की सुट्टीचा एक ठरलेला रील समोर येतोच. बालीतलं चांगू, श्रीलंकेतलं वेलिगामा, नाहीतर आपल्या गोव्यातलं अश्वे. बगलेत सर्फबोर्ड, केसांत वाळू, हातात शहाळं आणि मागे एकामागोमाग एक फुटणाऱ्या लाटा. तो रील शेअर करताना मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच जणांना प्रश्न पडतो, समुद्र तर आपल्या दाराशीच आहे. मग असं गाव आपल्याकडे का नाही?

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाल्यावर हा प्रश्न जास्तच जवळचा झाला. शिवडीतून पुलावर चढायचं आणि २१.८ किलोमीटरनंतर उरण तालुक्यात चिर्ले इथे उतरायचं. त्यातले १६.५ किलोमीटर थेट पाण्यावरून जातात. त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली आणि तेव्हा त्या मार्गावर चक्क ‘न्हावा शेवा’ नावाचं स्टेशन होतं. मॅपवर पाहिलं तर आजूबाजूला सगळं निळं. त्यामुळे शुक्रवारी रात्री कुणीतरी ग्रुपवर टाकतं, “अरे, पुलाच्या पलीकडे बीच असेलच की!”

पलीकडे आधी दिसतात त्या कंटेनर उचलणाऱ्या अजस्र क्रेन. मग ट्रेलरच्या रांगा, मिठागरं, तिवरांची जंगलं आणि गुडघाभर चिखल. लाट मात्र कुठेच नाही.

हा काही योगायोग नाही. लाट नाही म्हणूनच तिथे बंदर आहे.

न्हावा शेवाला लाट का नाही?

मुंबईचं बेट आणि रायगडचा किनारा यांच्या मध्ये जो पाण्याचा पट्टा आहे, त्याला मुंबईचं बंदर म्हणतात. हे नैसर्गिक बंदर आहे. अरबी समुद्रातून येणारी लाट आधी मुंबई बेटाच्या पश्चिम बाजूवर आपटते. गिरगाव चौपाटी, वरळी, जुहूवर जे फेसाळतं ते तिथेच संपतं. बेटाच्या पूर्वेला, म्हणजे शिवडी, घारापुरी, न्हावा, शेवा या बाजूला पाणी शांत असतं. जहाज धक्क्याला लावून त्यावरचे कंटेनर उतरवायचे असतील तर असंच पाणी लागतं. जहाज वर-खाली डुलत राहिलं तर क्रेनचं काम थांबतं.

मुंबई बंदरावरचा ताण कमी करण्यासाठी म्हणून हे बंदर इथे बांधलं गेलं. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झालं आणि आज देशातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांत त्याचं नाव आहे. न्हावा आणि शेवा ही इथली दोन गावं. त्यातल्या शेवा गावाने या बंदरासाठी आपली जागाच सोडली. तिथल्या कोळी कुटुंबांचं पुनर्वसन उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात झालं, पण नव्या घरांना वाळवी लागली आणि नीट पुनर्वसनाची मागणी ही कुटुंबं कित्येक वर्षं करत राहिली. ‘न्हावा शेवा बीच’ असं सर्च करताना हे ध्यानात असलेलं बरं. नकाशावरच्या त्या निळ्या पट्टीवर आधी कुणाचं तरी घर आणि जाळी होती.

शिवाय नद्या आणि खाड्या या भागात गाळ आणून टाकतात. लाट नसल्यामुळे तो गाळ हलत नाही. लाट जिथे सतत आपटते तिथे बारीक चिखल धुऊन जातो आणि वाळू उरते. जिथे आपटत नाही तिथे चिखल साचतो आणि त्यात तिवरं वाढतात. थोडक्यात, वाळूचा किनारा हवा असेल तर उघड्या समुद्राकडे तोंड असलेली जागा शोधावी लागते. उरण तालुक्यात तशी जवळची जागा म्हणजे पीरवाडी. संध्याकाळी दोन तास बसायला ठीक, पण मुक्कामाच्या सुट्टीसाठी लोक पुढे अलिबाग आणि मुरूडकडेच जातात.

मग अलिबाग-मुरूडला सर्फिंग का होत नाही?

किहीम, आक्षी, नागाव, काशीद हे सगळे किनारे तर उघड्या समुद्राकडे तोंड करून आहेत. तिथे लाटा आहेत, वाळू आहे, होमस्टे आहेत. तरी सर्फिंगसाठी नाव झालेलं एकही गाव इथे उभं राहिलं नाही. यामागे जरा भूगोल आहे आणि तो मजेशीर आहे.

सर्फिंगची लाट किनाऱ्यावर तयार होत नाही. शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर वादळी वारा समुद्रावर वाहतो, त्यातून लांबच लांब लाटा उठतात आणि वारा मागे राहिला तरी त्या प्रवास करत राहतात. मोबाइलवरच्या सर्फ ॲपमध्ये ‘स्वेल’ म्हणून जे दिसतं ते हेच. दोन लाटांमध्ये जितके जास्त सेकंद, तितकी लाट लांब आणि ताकदवान.

आता ही लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाय तळाला लागतो. लाटेच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीवर हे सुरू होतं. १२ सेकंदांच्या स्वेलची लांबी खोल समुद्रात सव्वादोनशे मीटरच्या आसपास असते, म्हणजे खोली ११० मीटरच्या आत आली की लाट तळाशी घासायला लागते आणि तिची ताकद हळूहळू खर्च होते.

शाळेच्या भूगोलात ‘समुद्रबूड जमीन’ असा शब्द होता, आठवतोय? किनाऱ्यालगतचा पाण्याखालचा उथळ भाग. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा भाग मुंबईसमोर खूप रुंद आहे, जवळपास ३०० किलोमीटर. किती उथळ? बॉम्बे हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून जास्त आत आहे आणि तिथेही पाण्याची खोली ७५ मीटरच्या घरातच आहे. (तिथला गॅस पाइपलाइनने उरणलाच येतो, पीरवाडीपासून जवळच.) म्हणजे रायगडला येणारी लांब लाट दीडशे किलोमीटर आधीपासूनच तळाला घासत येते. दक्षिणेकडे ही समुद्रबूड जमीन अरुंद होत जाते, त्यामुळे कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर तीच लाट जास्त ताजी पोहोचते.

दुसरी अडचण भरती-ओहोटीची. सर्फिंगची लाट फुटण्यासाठी तळाला विशिष्ट जागी वाळूचा उंचवटा किंवा खडक हवा. लाट एका टोकापासून फुटायला सुरुवात होऊन हळूहळू दुसऱ्या टोकाकडे गेली, तरच बोर्डवर उभं राहून तिच्यासोबत जाता येतं. सगळी लाट एकदम आडवी कोसळली तर सर्फिंग संपलं. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. गोव्यात हाच फरक साधारण दोन मीटर, केरळच्या दक्षिणेला आणि चेन्नईकडे मीटरभर. अलिबागला सकाळी जिथे लाट नीट फुटत होती, तिथे तीन तासांनी एकतर डोक्यावरून पाणी असतं नाहीतर उघडी वाळू असते. क्लास घेणाऱ्याने वेळापत्रक लावायचं कसं?

आणि तिसरी गोष्ट ऋतूची. रायगडला खरोखर मोठ्या लाटा येतात त्या जून ते सप्टेंबर, नैऋत्य मोसमी वाऱ्यासोबत. पण तो वारा समुद्रावरून थेट किनाऱ्याकडे वाहतो. त्यामुळे लाटा वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या, गढूळ पाण्यातल्या. ऑक्टोबर ते मे या सुट्टीच्या काळात समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असेपर्यंत पाणी काचेसारखं गुळगुळीत, दुपारनंतर खारा वारा सुरू झाला की बारीक चोपडी लाट. गुडघ्याएवढ्या लाटेत पाय भिजवायला छान, पण बोर्डवर उभं राहायला तेवढी पुरत नाही.

ज्यांना सर्फिंगच शिकायचंय त्यांनी काय करावं?

सरळ दुसरीकडे जावं. न्हावा शेवाला सगळ्यात जवळचं मोठं रेल्वे जंक्शन पनवेल आहे आणि तिथूनच कोकण रेल्वेने पेडणे किंवा थिवीला उतरता येतं. पेडणे तालुक्यातल्या मोरजी, अश्वे, मांद्रे या किनाऱ्यांवर ऑक्टोबरपासून मेपर्यंत नवशिक्यांचे क्लास चालतात. लाट लहान असते आणि शिकणाऱ्याला लहानच हवी असते.

भारतात या खेळाचं मूळ गाव म्हणून कर्नाटकातल्या मुल्कीचं नाव घेतात. मंगळुरूच्या उत्तरेला असलेल्या या गावात जॅक हेबनर नावाच्या अमेरिकन संन्याशाने २००४ च्या सुमारास आश्रमासोबत सर्फ क्लब सुरू केला. लोक त्यांना ‘सर्फिंग स्वामी’ म्हणतात. तिकडे चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मच्छीमारांच्या मुलांनी हा खेळ उचलला. आधी फुटक्या होडीच्या फळीवर लाट पकडणारी पोरं पुढे प्रशिक्षक झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक मिळवलं. तो मात्र केरळमधल्या कोवलमच्या किनाऱ्यावर वाढलेला.

‘सर्फ टाउन’ बनतं ते असं. लाट तर लागतेच, पण ती रोज वाचणारी माणसंही त्याच गावातली लागतात. रायगडच्या कोळीवाड्यांतही अशी माणसं आहेत, फक्त ती जे वाचतात ते वेगळं आहे. ती भरती वाचतात. आणि दोन दिवसांसाठी जाणाऱ्याला नेमकं तेच शिकायची गरज आहे.

तिथीवरून भरतीची वेळ कशी काढायची?

बहुतेक ट्रिप बिघडतात त्या इथे. हॉटेल बघून, रेटिंग बघून, फिश थाळीचे फोटो बघून लोक निघतात आणि भरती-ओहोटी कुणीच बघत नाही. पोहोचतात तर समुद्र अर्धा किलोमीटर आत गेलेला, समोर नुसती ओली वाळू. किंवा उलट, किनाराच गायब, पाणी सुरूच्या झाडांपर्यंत.

कोकणात यासाठी एक जुना हिशोब आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाला. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना १५ धरायचे, उत्तर येतं सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशोब तोच. भरतीच्या साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण कॅलेंडरवर नजर टाकून एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. घरातल्या कालनिर्णयावर तिथी असतेच.

हे जमतं कसं? भरती चंद्रामुळे येते आणि चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. ज्या कुणी हा हिशोब बसवला त्याच्याकडे घड्याळही असेल-नसेल.

वेळेसोबत उंचीही बदलते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा दोन्ही बेताचं.

याचा सर्वात चांगला उपयोग अलिबागला होतो. तिथला कुलाबा किल्ला किनाऱ्यासमोर समुद्रात आहे आणि ओहोटीला चालत जाता येतं. आता हिशोब लावा. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, वेळ सोयीची, पण भांगाचे दिवस असल्याने वाट पूर्ण उघडी पडेलच असं नाही. पौर्णिमेला पाणी खूप आत जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला, म्हणजे परत येताना अंधार. सगळ्यात बरे दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-चार. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास. सातला निघा, किल्ला बघा, साडेनऊच्या आत परत या.

‘आत परत या’ यावर जोर का? भरतीचं पाणी सहा तास सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात थोडं, दुसऱ्यात जास्त आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मी भरती येते. फरक चार मीटरचा असेल तर त्या दोन तासांत दोन मीटर. म्हणजे किल्ल्यात फोटो काढत बसलेल्या माणसाला “अजून पाणी घोट्याएवढंच आहे” असं वाटतं आणि अर्ध्या तासात ते कमरेला येतं. ओलांडून जायचा प्रयत्न करू नये. किल्ल्यातच थांबावं, होडीची चौकशी करावी, नाहीतर पुढच्या ओहोटीची वाट बघावी. घोडागाडीवाले जातात त्यांच्या वेळा बघून चाललात तरी चालतं, त्यांना हा हिशोब तोंडपाठ असतो.

वाळूवर गाडी घालणाऱ्यांची गोष्टही हीच. ओल्या वाळूवर फोर बाय फोर फिरवायचा मोह, चाक रुतणं, मग पाणी चढणं आणि शेवटी ट्रॅक्टर किंवा बैलगाडीने ओढून काढलेल्या गाडीचा व्हायरल व्हिडिओ. रायगडच्या किनाऱ्यावरून असा व्हिडिओ दर सीझनला येतो. किनाऱ्यावर वाहन नेणं बेकायदा आहे हे वेगळंच.

काशीद आणि मुरूडला पाण्यात उतरण्याआधी

अलिबागहून दक्षिणेला साधारण ३० किलोमीटरवर काशीद. पांढरट वाळू, सुरूचं बन, रायगडमधला सर्वात फोटोजेनिक किनारा म्हणायला हरकत नाही. इथे लाटा आक्षी-नागावपेक्षा जोरकस असतात. त्यामुळे रीलमधलं ‘सर्फ’ आठवून लोक इथेच खोल शिरतात. पण जोरकस लाट म्हणजे सर्फिंगची लाट नव्हे. किनाऱ्याजवळ एकदम आडवी कोसळणारी लाट माणसाला उचलून वाळूवर आपटते, आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. पोहण्यासाठी धोकादायक म्हणून काशीदचं नाव आहे.

तिथून पुढे मुरूड. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातल्या एका महाविद्यालयाची सहल इथे आली होती. दुपारी पाण्यात उतरलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारीचा होता, पाऊस नव्हता, वादळ नव्हतं. रायगडच्या किनाऱ्याबद्दल ज्याला एकच गोष्ट माहीत असायला हवी, त्याला ही माहीत असावी.

शांत दिसणाऱ्या समुद्रात माणूस आत कसा ओढला जातो? किनाऱ्यावर येणाऱ्या लाटा पाणी आणून टाकतात. ते परत जायला वाट शोधतं आणि बऱ्याचदा एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. याला रिप करंट म्हणतात. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हा पट्टा बाकीच्या पाण्यापेक्षा शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटताना दिसतात आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी जरा गडद असतं, फेस किंवा काडीकचरा आत जाताना दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे ‘लाट नाही’. ओहोटी सुरू असेल तर ही ओढ आणखी वाढते. खाडीच्या तोंडाशी तर कधीच उतरू नये, तिथे ओहोटीचं सगळं पाणी एका दारातून बाहेर पडत असतं. रेवदंड्याजवळ कुंडलिका नदी समुद्राला मिळते, ही तशीच जागा आहे.

सापडलात तर? किनाऱ्याकडे तोंड करून सरळ पोहू नका. चांगला पोहणाराही इथे दमतो आणि दमल्यामुळे बुडतो. आधी पाठीवर तरंगा, एक हात वर करा, ओरडा. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, फक्त आत नेतो आणि थोड्या अंतरावर त्याचा जोर संपतो. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडा आणि मग लाटांसोबत तिरपे किनाऱ्याकडे या.

आणि मित्र सापडला तर त्याच्यामागे उडी मारू नका. अशा घटनांत वाचवायला गेलेला माणूसही बुडाल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. झाकण लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, बर्फाची पेटी, टायर, जे तरंगेल ते फेका. ११२ वर फोन करा, तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे. पण खरी मदत बहुधा किनाऱ्यावरच्या बोटवाल्यांकडूनच पोहोचते, म्हणून आधी त्यांना हाक मारा.

गोव्यात २००८ पासून प्रमुख किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक आणि झेंड्यांची व्यवस्था आहे. रायगडमध्ये काही किनाऱ्यांवर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेने नेमलेले जीवरक्षक असतात, पण प्रत्येक ठिकाणी आणि प्रत्येक वेळी ते असतीलच असं धरून चालू नका. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे घोड्यावाल्याला किंवा भजीच्या टपरीवरच्या काकांना विचारणं, “काका, पाण्यात कुठपर्यंत जायचं?” उत्तर ‘आज नको’ असं आलं तर हुज्जत घालू नका. गुडघ्याएवढ्या पाण्याच्या पुढे जाऊ नका, भरती चढत असतानाच उतरा, दारू पिऊन अजिबात नको.

पावसाळ्यात जावं का?

जावं, पण समुद्र बघायला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. गेटवे ते मांडवा या लाँच आणि कॅटमरान पावसाळ्यात बंद होतात, पॅरासेलिंग-बनाना राइडही बंद. जे लोक पिढ्यानपिढ्या समुद्रावर जगतात ते होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा शहरातून आलेल्याने फ्लोटिंग ट्यूब घेऊन उतरण्यात काही शहाणपण नाही.

याच दिवसांत वाळूवर काळे चिकट डांबरगोळे येतात. समुद्रात सांडलेलं किंवा सोडलेलं तेल घट्ट होऊन लाटांसोबत किनाऱ्याला लागतं. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा शेवाहून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ हे जहाज मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी ‘खलिजिया ३’ला धडकलं, तेव्हा तेलाचा तवंग आणि कंटेनर थेट रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आले होते. पायाला लागलेलं डांबर खोबरेल तेलाने निघतं. त्याच सुमाराला निळ्या फुग्यासारखे दिसणारे ब्लूबॉटल किनाऱ्यावर पडलेले असतात. मेलेले दिसले तरी हात लावू नका, डंख बसतो.

कोरड्या दिवसांत जायचं तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. हवा बरी असते आणि वालाच्या शेंगांचा हंगाम असल्याने पोपटी मिळते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी घालून शेकोटीत भाजलेली. होमस्टेवाल्यांना आदल्या दिवशी सांगावं लागतं.

जायचं कसं?

मुंबईतून थेट अलिबाग गाठायचं तर गेटवेहून मांडव्याची कॅटमरान, किंवा गाडीसकट जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. ही रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तासाभरात मांडव्याला पोहोचवते आणि हवामान बरं असेल तर पावसाळ्यातही चालते. काही लाँच कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस असते, काउंटरवर विचारून घ्या. अटल सेतूवरून जायचं तर चिर्ले, पेण, वडखळ करत अलिबाग. कारला सेतूचा एका वेळचा टोल २५० रुपये आहे आणि दुचाकी, रिक्षांना पुलावर परवानगी नाही. शनिवारी सकाळी वडखळ ते अलिबाग या रस्त्यावर किती वेळ जाईल हे मॅपही नीट सांगू शकत नाही. पहाटे पाचला निघणारे सुखी.

सगळ्यात स्वस्त आणि खरं तर सगळ्यात छान रस्ता मात्र न्हावा शेवाच्याच बाजूने आहे. लोकलने उरणला उतरायचं, रिक्षाने करंजा बंदर गाठायचं आणि तिथून धरमतर खाडी ओलांडून रेवसला जाणारी लाँच पकडायची. पाण्यावरचा प्रवास जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा. पेण-वडखळचा सगळा वळसा वाचतो. सोबत माशांच्या टोपल्या, शाळेची पोरं, कधी एखादी मोटरसायकलही असते. रेवसला उतरलं की अलिबागसाठी एसटी किंवा मिनिडोर. या खाडीवर पुलाचं काम सुरू आहे, तो झाला की लाँचचं काय होईल हे लाँचवालेच एकमेकांना विचारत असतात.

परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ जातानाच विचारून ठेवा. ती रेवसला उतरताना तिकीटवाल्याला विचारायची, ऑनलाइन बघून चालत नाही. वारा वाढला किंवा पाणी फारच उतरलं, तर ती वेळेच्या आधीच बंद होते.